बाजारात आवाज न चढवणारा



वाचक बंधू-भगिनींनो, मागच्या महिन्यात इशाच्या नमाजनंतर एक गृहस्थ आमच्या दारी आले. ओळखीचेच. बुलढाणा जिल्ह्यातल्या आमच्या या तालुक्याच्या गावी आठवडी बाजारात त्यांचे कपड्यांचे दुकान लागते. मोठा मुलगा हाताशी असतो. आम्ही चहा पुढे केला, पण त्यांनी कपाला हात लावला नाही. म्हणाले, "भाईसाहब, पोरगं बोललं ते खरं असेल. पण मला तीन रात्री झोप नाही. खरं बोलल्यावर असं व्हतं का?"

घडले होते ते असे. मुलाच्या मोबाइलवर एक संदेश आला. त्यात लिहिले होते की, बायबलमधील 'यशया' या ग्रंथाच्या ४२ व्या अध्यायात आपल्या नबी (सल्ल.) यांची भविष्यवाणी आहे, मूळ हिब्रूत पहिल्याच वचनात 'अहमद' हे नाव होते, ते नंतर बदलून टाकले, कोणत्याही ख्रिश्चन माणसाला विचारा, त्याची बोलती बंद होईल. मुलाने तो संदेश दोनदा वाचला आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी त्याला विचारायला माणूसही सापडला.

तो माणूस म्हणजे गावातले एक निवृत्त शिक्षक. धर्माने ख्रिश्चन. अर्ध्या गावाला त्यांनी गणित शिकवले आहे, या मुलालाही. निवृत्तीनंतर ते घरच्या ओसरीवर दहावीच्या मुलींना शिकवतात, पैसा घेत नाहीत. त्यात आपल्या घरांतल्या सहा-सात मुली आहेत. सर भाजी घ्यायला आले होते. मुलाने त्यांना दुकानासमोर अडवले, मोबाइल डोळ्यांपुढे धरला आणि मोठ्या आवाजात जाब विचारला. माणसे जमली. कोणीतरी व्हिडिओ काढू लागले. सर म्हणाले, "घरी ये, बसून बोलू." मुलगा म्हणाला, "घरी कशाला? इथंच सांगा." मागून कोणी हसले. सरांनी रिकामी पिशवी घडी घातली आणि भाजी न घेताच ते घरी गेले.

दुसऱ्या दिवसापासून आपल्यातल्या दोन घरांनी "उगीच भानगड नको" म्हणून मुलींना शिकवणीला पाठवणे थांबवले. सर त्यानंतरच्या बाजारात दिसले नाहीत.

वडिलांचा प्रश्न एवढाच होता : "भविष्यवाणी खरी आहे ना? मग पोराचं चुकलं कुठं?"

हा प्रश्न एकट्या त्यांचा नाही. असे संदेश आज घरोघरी फिरतात. म्हणून या महिन्याच्या पानावर आम्ही त्याच अध्यायाबद्दल लिहीत आहोत.

अध्यायात आहे काय?

यशया नबींना आपले जुने इतिहासकार आणि मुफस्सिर 'शअया' म्हणतात. कुरआनात त्यांचे नाव आलेले नाही. पण बनी इस्राईलच्या पैगंबरांमध्ये आपले उलेमा त्यांची गणना करतात. ते इसवी सनापूर्वी आठव्या शतकात यरुशलेममध्ये होऊन गेले. त्यांच्या नावाच्या ग्रंथाचे ६६ अध्याय आहेत. ४० व्या अध्यायापासूनचा भाग बाबिलच्या बंदिवासाच्या काळाशी बोलतो. इसवी सनापूर्वी ५८६ मध्ये यरुशलेम पडले आणि बनी इस्राईल बंदी होऊन परमुलखात गेले. त्या खचलेल्या लोकांना धीर देणारे हे अध्याय आहेत.

४२ व्या अध्यायात २५ वचने आहेत. सुरुवातीला ईश्वर आपल्या एका निवडलेल्या सेवकाची ओळख करून देतो. हा सेवक राष्ट्रांपर्यंत न्याय पोहोचवील. तो आरडाओरडा करणार नाही, रस्त्यात त्याचा आवाज ऐकू येणार नाही. चेपलेला बोरू तो मोडणार नाही आणि मिणमिणती वात विझवणार नाही. पृथ्वीवर न्याय स्थापन होईपर्यंत तो थकणार नाही. तो आंधळ्यांचे डोळे उघडील, कैद्यांना अंधारातून बाहेर काढील. पुढे ईश्वर आपला गौरव मूर्तींना देणार नाही असे ठामपणे सांगितले आहे. मग नवे गीत गाण्याची हाक येते आणि त्यात वाळवंटाला, केदारच्या वस्त्यांना व सेलाच्या रहिवाशांनाही बोलावले आहे. शेवटच्या भागात मात्र सूर बदलतो. तिथे सेवकालाच आंधळा आणि बहिरा म्हटले आहे, आणि लुटल्या गेलेल्या याकोबच्या लोकांना त्यांच्या चुकांची आठवण करून दिली आहे.

संदेशात हे सगळे नव्हते. संदेशात पहिले वचन होते आणि अकरावे होते. मधले आणि पुढचे कोणी वाचलेच नव्हते.

एक अध्याय, तीन वाचने

हा अध्याय मुळात यहुदी लोकांचा, म्हणून आधी त्यांचे ऐकू. आपल्या महाराष्ट्रात मराठी बोलणारे यहुदी शतकानुशतके राहत आले आहेत. कोकणातले बेने इस्रायल. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. प्रार्थनास्थळाला ते 'मशीद' म्हणत. मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनास्थळ १७९६ मध्ये सॅम्युएल इझेकिएल दिवेकर यांनी बांधले, आणि मशीद बंदर या नावामागे तीच 'मशीद' असल्याचे सांगतात. यहुदी रिवाजात तौरातचे वर्षाचे वाचन जेव्हा नव्याने सुरू होते, त्या पहिल्या शब्बाथला बहुतेक ठिकाणी याच ४२ व्या अध्यायाचा पाचव्या वचनापासूनचा भाग वाचतात. त्यांच्यात हा सेवक कोण यावर एकमत नाही. अकराव्या शतकातले फ्रान्सचे भाष्यकार राशी यांच्या मते सेवक म्हणजे याकोबची संतती, इस्राईल. दाविद किमही यांच्या मते येणारा मसीहा.

ख्रिश्चन बांधव हा सेवक म्हणजे हजरत ईसा (अलै.) असे मानतात. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या १२ व्या अध्यायात या वचनांचा उल्लेख करून ती त्यांनाच लागू केली आहेत. त्यांच्यासाठी हा प्रश्न तिथेच मिटलेला आहे.

आणि आपण? आपल्याकडे हे वाचन मोबाइलवर जन्मलेले नाही. नवव्या शतकात अली बिन रब्बन तबरी यांनी आपल्या ग्रंथात यशयाची अशी वचने गोळा केली. हिंदुस्थानात मौलाना रहमतुल्लाह कैरानवी (रह.) यांनी 'इजहारुल हक' मध्ये हा अध्याय घेतला. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा : केदार हा हजरत इस्माईल (अलै.) यांचा दुसरा मुलगा, हे बायबलच्या पहिल्याच ग्रंथात, 'उत्पत्ती'च्या २५ व्या अध्यायात नोंदलेले आहे. केदारच्या वस्त्या म्हणजे अरबांच्या वस्त्या. तेव्हा या सेवकाच्या येण्याने अरबस्तानचे वाळवंट आनंदाने गाऊ लागेल, मूर्तिपूजा लाजेल आणि नवा कायदा दूरच्या किनाऱ्यांपर्यंत जाईल, हे कोणाच्या बाबतीत घडले?

हा युक्तिवाद वजनदार आहे. केदार म्हणजे उत्तर अरबस्तानातली टोळी, हे असुरी राजांच्या शिलालेखांतूनही दिसते. पण प्रामाणिकपणे दोन गोष्टी सांगायला हव्यात. एक, 'सेला' या शब्दाचा अर्थ खडक. आपले काही लेखक तो मदिनेच्या 'सल्अ' टेकडीशी जोडतात, जिच्या पायथ्याशी खंदकाच्या लढाईत मुस्लिमांचा तळ होता. पण बायबलमध्ये सेला नावाचे एक ठिकाण अदोमच्या मुलखात, म्हणजे आजच्या जॉर्डनमध्ये आहे आणि बरेच अभ्यासक तेच धरतात. दुसरी, अध्यायाच्या शेवटी सेवकाला आंधळा म्हटले आहे. तो भाग आपण नबी (सल्ल.) यांना लावत नाही, ख्रिश्चन बांधव ईसा (अलै.) यांना लावत नाहीत. तेव्हा एकाच अध्यायात दोन सेवक आहेत का, याचे उत्तर दोघांनाही द्यावे लागते. यहुदी भाष्यकार तिथेच बोट ठेवतात.

'अहमद' शब्दाचे काय?

संदेशातला सर्वांत मोठा दावा हाच होता. पहिल्या वचनात हिब्रू शब्द आहे 'एत्मोख', म्हणजे 'मी आधार देतो, धरून ठेवतो'. हिब्रू लिपीत या शब्दाची काही अक्षरे 'अहमद'च्या अक्षरांसारखी दिसतात. त्यावरून कोणीतरी ठरवले की नाव खोडून शब्द बसवला.

१९४७ मध्ये मृत समुद्राजवळच्या गुहेत बदू मेंढपाळांना चामड्यावर लिहिलेल्या गुंडाळ्या सापडल्या. त्यातली एक यशयाची आहे. सात मीटरहून लांब, ६६ च्या ६६ अध्याय जवळजवळ पूर्ण. ती इसवी सनापूर्वी सुमारे दुसऱ्या शतकात लिहिलेली आहे, म्हणजे नबी (सल्ल.) यांच्या जन्माच्या साडेसहाशेहून अधिक वर्षे आधी. त्या गुंडाळीतही या जागी 'आधार देतो' याच अर्थाचा शब्द आहे. मग नाव कोणी आणि कधी खोडले?

वाचकहो, आपल्या बाजूचे म्हणून खोटे नाणे चालवता येत नाही. कुरआनचा सूरह हुजुरातमधला आदेश स्पष्ट आहे : बातमी आली की आधी शहानिशा करा, नाहीतर अजाणतेपणी कोणाचे तरी नुकसान करून बसाल (४९:६). नबी (सल्ल.) यांनी तर कानावर पडलेले सगळे सांगत सुटणे हेच माणूस खोटा ठरायला पुरेसे असल्याचे सांगितले आहे. 'पुढे पाठवा'चे बटण दाबण्याआधी ही हदीस आठवावी.

आपले ईमान अशा शब्दावर उभे नाही. अगोदरच्या ग्रंथांत या नबींचा उल्लेख आहे, असे अल्लाहने सूरह आराफमध्ये (७:१५७) सांगितले आहे, आणि आपल्याला तेवढे पुरे आहे. कोणत्या वचनात, कोणत्या शब्दात, यावर उलेमांनी अभ्यास केला. जे पटले ते नम्रपणे मांडले. जिथे खात्री नाही तिथे अहले किताबच्या कथनाला खरेही म्हणू नका, खोटेही म्हणू नका, अशी शिकवण सही बुखारीत आहे.

इमाम बुखारींनी ही हदीस कुठे ठेवली?

आता त्या वडिलांच्या प्रश्नाकडे येऊ.

ताबिई अता बिन यसार (रह.) यांनी हजरत अब्दुल्लाह बिन अम्र बिन आस (रजि.) यांना विचारले की तौरातमध्ये अल्लाहच्या रसूलचे वर्णन कसे आहे. (त्या काळी 'तौरात' हा शब्द यहुद्यांच्या सगळ्या ग्रंथांसाठीही वापरत.) उत्तरात त्यांनी जे सांगितले त्याचा आशय असा : तो माझा बंदा आणि रसूल आहे, तो कठोर नाही, आडदांड नाही, बाजारात गोंगाट करणारा नाही, वाईटाची फेड वाईटाने करत नाही, माफ करतो, आणि वाकडी झालेली उम्मत सरळ होईपर्यंत, आंधळे डोळे, बहिरे कान व बंद हृदये उघडेपर्यंत अल्लाह त्याला उचलून घेणार नाही.

यशयाचा ४२ वा अध्याय शेजारी ठेवून पाहा. सेवक, रस्त्यात न चढणारा आवाज, आंधळ्यांचे उघडणारे डोळे, काम पुरे होईपर्यंत न थकणे. आपल्या परंपरेत या अध्यायाशी सर्वांत जवळचा दुवा हाच आहे, आणि तो सहाबींच्या तोंडून आला आहे.

इमाम बुखारी (रह.) यांनी ही हदीस आपल्या ग्रंथात सूरह फतहच्या तफसीरमध्ये दिली आहेच, पण ती खरेदी-विक्रीच्या प्रकरणातही दिली आहे. त्या ठिकाणचा मथळा आहे : बाजारात गोंगाट करणे नापसंत असल्याबद्दल.

म्हणजे आपल्या सर्वांत मोठ्या मुहद्दिसांनी भविष्यवाणीची ही हदीस दुकानदाराला शिस्त लावण्यासाठी वापरली. नबींची खूण ही, तर उम्मतीची चाल कशी असावी, हे त्यांनी नुसत्या मथळ्यातून सांगून टाकले. हजरत आयशा (रजि.) यांनीही नबी (सल्ल.) यांच्या स्वभावाचे वर्णन करताना बाजारात आवाज न चढवणे ही गोष्ट मुद्दाम सांगितली आहे.

आम्ही त्या वडिलांना म्हणालो, "भाई, तुमच्या मुलाने भविष्यवाणी सिद्ध करायला जी जागा निवडली, त्याच जागी ती मोडली. ज्या नबीची ओळखच बाजारात आवाज न चढवणारा अशी, त्याच्यासाठी बाजारात आवाज चढवला."

ते बराच वेळ गप्प बसले. मग गार झालेला चहा प्यायले.

वादच करू नये असे आमचे म्हणणे नाही. १८५४ च्या एप्रिलमध्ये आग्र्याला मौलाना कैरानवी आणि पाद्री फांडर यांचा वाद झाला. तो आधी पत्रे लिहून, विषय ठरवून, जाणकारांसमोर झाला. भाजी घ्यायला आलेल्या म्हाताऱ्या माणसाला अडवणे हा वाद नव्हे. अहले किताबशी बोलायचे तर उत्तम रीतीनेच बोला, असा कुरआनचा हुकूम आहे (२९:४६).

सरांच्या ओसरीवर

दुसऱ्या दिवशी असरनंतर आम्ही तिघे सरांकडे गेलो. मुलगा मागे मागे चालत होता. सरांनी सतरंजी टाकली. "ये बाप्पा, बस," असे मुलालाच आधी म्हणाले.

आम्ही आल्याचे कारण सांगितले. सर आत गेले आणि खाकी कागदाचे वेष्टन घातलेले मराठी बायबल घेऊन आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन मिशनरी वऱ्हाडात आले, तेव्हापासून या भागात ख्रिश्चन कुटुंबे आहेत. सरांचे आजोबा त्या पिढीतले. त्यांनी ४२ वा अध्याय पहिल्या वचनापासून शेवटपर्यंत वाचला. 'केदार' शब्द आल्यावर थांबले आणि हसले. म्हणाले, "एकदा रविवारच्या वर्गात एका पोरानं विचारलं होतं, सर, हे केदार म्हणजे केदारनाथ का?" मुलगाही हसला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा, असे त्याच्या वडिलांनी नंतर सांगितले.

सर म्हणाले, "आम्ही हे येशूबद्दल वाचतो. तुम्ही तुमच्या पैगंबरांबद्दल वाचता, हे मला आधीपासून ठाऊक आहे. त्यात मला राग यायचं कारण नाही." मग आम्ही हदीस सांगितली. त्यांनी डोळे मिटून ऐकली. "तो बाजाराचा भाग पुन्हा सांगा," म्हणाले. आम्ही पुन्हा सांगितला. थोड्या वेळाने ते म्हणाले, "म्हणजे तुमच्याकडेही तो ओरडत नाही."

मुलाने मान खाली घातली. वडील म्हणाले, "माफी माग." सर म्हणाले, "झालं गेलं, मिटलं." पण वडिलांना ते पटले नाही. "नाही सर. बाजारात केलं ते बाजारातच निस्तरलं पाहिजे. नुकसान चारचौघांत अन् माफी घरात, असा हिशेब आमच्यात नाही."

पुढच्या बाजाराच्या दिवशी सर आले. त्याच दुकानासमोर मुलगा उतरून उभा राहिला. आवाज एवढा हळू की शेजारच्या कांदेवाल्याने कान पुढे केला. "सर, त्या दिवशी माझं चुकलं. जे दाखवलं तेही नीट तपासलं नव्हतं." सरांनी हातातली पिशवी त्याच्याकडे दिली. "धर. टमाटे घ्यायचेत." मुलाने भाजी होईपर्यंत पिशवी धरली आणि घरापर्यंत नेऊन दिली. तेव्हा व्हिडिओ काढायला कोणी नव्हते.

घरात हे कसे वाचावे?

आई-वडिलांनी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, मूल असा संदेश घेऊन आले तर त्याला झिडकारू नका. नबी (सल्ल.) यांच्यावरच्या प्रेमातून त्याने तो जपला आहे. त्याच्याबरोबर बसा आणि म्हणा, पूर्ण अध्याय आणू, पूर्ण वाचू. मराठी बायबल सहज मिळते. मूळ हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत संपूर्ण भाषांतर करण्याचे काम तर पंडिता रमाबाईंनी पुणे जिल्ह्यातल्या केडगावी शंभर वर्षांपूर्वीच केले आहे.

दोन, मुलाला दुसऱ्याचे वाचनही सांगा. यहुदी काय म्हणतात, ख्रिश्चन काय म्हणतात, आपण काय म्हणतो. ज्याला समोरच्याचे म्हणणे नीट सांगता येते, त्याचेच म्हणणे समोरचा ऐकतो.

तीन, चेपलेल्या बोरूची आठवण ठेवा. आपल्या जिल्ह्यात पावसाने दगा दिलेले शेतकरी आहेत, एकट्या पडलेल्या विधवा आहेत, निवृत्तीनंतर गावाने विसरलेली माणसे आहेत. वाऱ्याने वाकलेल्या तुरीला आपण काठीचा आधार देतो, उपटून टाकत नाही. ही वर्णने आपल्या नबींची आहेत असे आपण म्हणतो ना? मग शेजाऱ्याला ती आपल्या वागण्यातून दिसली पाहिजेत. त्याच्यासाठी तोच पुरावा.

शेवटी एक राहिलेच. शिकवणी थांबवलेल्या दोन घरांपैकी एका घरची मुलगी पुन्हा जाऊ लागली आहे. दुसरी अजून गेलेली नाही. ते घर हे मासिक घेते, हे आम्हाला माहीत आहे. त्या माउलीला आमची विनंती आहे : भानगड मिटली आहे. दहावीची परीक्षा जवळ आली आहे आणि सरांनी तिची वही अजून कोनाड्यात जपून ठेवली आहे. उद्या संध्याकाळी मुलीला पाठवा.

अल्लाह आपल्याला खरे तपासून बोलण्याची, खरे बोलताना आवाज खाली ठेवण्याची आणि चुकल्यावर चुकल्या जागी माफी मागण्याची तौफीक देवो. आमीन.